देवश्रीने गाडीला लावलेली पाटी

जर्मनीत, नेकारसुल्मला, आमच्या इमारतीत एक पाटी आहे. लाकडाची, तळहाताएवढी, वर दोरी. ती ज्याच्या दाराला लटकेल त्याने त्या आठवड्यात जिना झाडायचा, पुसायचा, खालच्या दाराची काच लख्ख करायची आणि शनिवारी पाटी शेजारच्या दाराला अडकवून मोकळं व्हायचं. याला इथले लोक केरवोखे म्हणतात. खालच्या मजल्यावर दातांचा डॉक्टर राहतो, सगळ्यात वर एक निवृत्त न्यायाधीश बाई. पाटी दोघांच्याही दाराला लागते. तू कोण, कुठला, असं ती विचारत नाही.

देवश्रीची आणि माझी ओळख या पाटीमुळे झाली, आणि भांडणातून झाली. ती नवीन राहायला आली होती. पहिल्याच सोमवारी दाराला पाटी दिसली, ती उपटून हातात घेऊन बाई जिना उतरत आली. मी फोनवर मराठी बोलत होते म्हणून माझ्यासमोर थांबली. ओळख ना पाळख, थेट प्रश्न.

"मला बघून लावली का ही?"

हा प्रश्न कुठल्या घरातून येतो ते मला लगेच कळलं, कारण मी पण त्याच गल्लीतली. मी सांगितलं, बाई, गेल्या आठवड्यात माझ्या दाराला होती, पुढच्या आठवड्यात न्यायाधीश बाईंच्या दाराला जाईल. तिचा विश्वास बसला नाही, त्या आठवड्यात तिने जिन्याला हात लावला नाही. पुढच्या आठवड्यात शनिवारी ती जिन्याच्या वळणावर खिडकीपाशी उभी राहिली आणि न्यायाधीश बाई बादली घेऊन, गुडघ्यावर बसून, ब्रशने पायऱ्या घासताहेत हे शेवटच्या पायरीपर्यंत बघत राहिली. शेवटी बाईंनीच विचारलं, काही हवंय का. ही नाही म्हणाली आणि घरात गेली. नंतर पुन्हा तिचा आठवडा आला तेव्हा तिने जो जिना धुतला, तसा त्या इमारतीत आजवर कोणी धुतलेला नाही.

आणि झाडू तिने जन्मात पहिल्यांदा हातात धरला होता.

तिची आई, कुंदामावशी, महापालिकेच्या झाडूखात्यात होती. पहाटे अंधारात खात्याच्या कोठीवर हजेरी, मुकादमाची बोलणी, मग गल्ल्या, मग गटारी. नवरा त्याच खात्यात होता, तो लवकर गेला. मावशीचा घरात एकच कायदा होता: पोरीच्या हातात झाडू द्यायचा नाही. स्वतः कामावरून दमून यायची आणि घरही स्वतःच झाडायची. चाळीतल्या बाया टोमणे मारायच्या, पोरीला काय महाराणी करणारेस का. मावशी म्हणायची, हो. त्या 'हो'वर देवश्रीने डिप्लोमा केला, मग डिग्री, मग पुण्यात नोकरी, मग इथे. आता ती गाडीच्या कारखान्यात दारं तपासते. गाडीच्या दाराची फट वाकडी असेल तर ती पुढे जाऊ देत नाही, मग समोर साहेब असो नाहीतर साहेबाचा साहेब. ही काय चीज आहे ते कारखान्यात सगळ्यांना माहीत आहे.

अनिमेष तिला त्याच कारखान्यात भेटला. पुण्याचा, चांगल्या घरचा. चांगल्या घरचा म्हणजे काय ते वाचणाऱ्याला कळलं असेल. त्याचे वडील शशिकांत, बँकेतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त. लग्नाला त्यांनी नाही म्हटलं नाही, आणि आपण नाही म्हटलं नाही हे सगळ्यांना सांगितलं. लग्नात पाहुण्यांना विहिणीची ओळख करून देताना म्हणाले, "या महापालिकेत होत्या, आरोग्य खात्यात." झाडूखातं आरोग्यातच येतं, खोटं काहीच नव्हतं. ऐकणाऱ्यांनी नर्स समजून घेतलं, नाहीतर क्लार्क. मावशी नव्या साडीत मान हलवत उभी राहिली. देवश्री बोहल्यावर होती, तिने ऐकलं आणि गिळलं.

परदेशात जात कोणी विचारत नाही म्हणतात. कशाला विचारतील? आडनाव विचारतात, मूळ गाव विचारतात, आईवडील काय करायचे ते विचारतात. तेवढ्यात काम भागतं.

एकदा जिना पुसता पुसता देवश्री मला म्हणाली, "आईने तिचं काम तिच्या तोंडाने सांगावं आणि समोरच्याची मान खाली जाऊ नये. एवढं एकदा बघायचंय मला." मी म्हटलं, बघशील. म्हणायला माझं काय जातंय.

या ऑक्टोबरात कुंदामावशी पहिल्यांदा जर्मनीत आली. बायको गेल्यापासून एकटे पडलेले शशिकांतही त्याच विमानाने आले. मावशी आल्या आल्या जिन्यात पाटी बघून, तिचं नाव ऐकून हसली. केर म्हणजे इथेही केरच का, म्हणाली. दियाला, तिच्या नातीला, त्यात हसण्यासारखं काय ते कळेना. ती शाळेत जाणारी, मराठी सगळं समजणारी आणि उत्तर जर्मनमध्ये देणारी पोरगी.

देवश्रीने ठरवलं होतं की आईला काडी उचलू द्यायची नाही आणि जगातली एक तरी अजब गोष्ट दाखवायची. म्हणून शाळेच्या सुट्टीत तिने एक मोठा कॅम्पर, म्हणजे राहायची सोय असलेली गाडी, भाड्याने घेतला. आधी आयफेलचा नॅशनल पार्क, तिथलं जंगल आणि तळी, आणि मग खाली दक्षिणेला वालेनबॉर्न नावाच्या गावात जमिनीतून आपोआप पाणी उडतं, ते. गाडी सहा जणांची होती. सहावी जागा रिकामी होती म्हणून मला नेलं. गाडी चालवणार देवश्री, कारण तिच्या हातून स्टिअरिंग घ्यायची घरात कोणाची छाती नाही.

गाडी देणारा माणूस हौशी होता. गॅस, पाणी, पलंग कसे उघडायचे, सगळं दाखवलं. मग बाहेरून एक छोटं झाकण उघडून त्याने एक टाकी ओढून काढली. विमानतळावरच्या बॅगेसारखी चाकं, दांडा. संडासाचं सगळं या टाकीत जमतं, ते कॅम्पवर ठरलेल्या जागी नेऊन ओतायचं, टाकी धुवायची, निळं औषध घालायचं, परत सरकवायची. भरली की आत लाल दिवा लागतो. आल्झो, म्हणजे झालं तर मग, एकदम सोपं, असं म्हणाला. तोपर्यंत शशिकांत मागचे टायर बघायला गेले होते आणि अनिमेषला महत्त्वाचा फोन आला होता.

निघण्यापूर्वी शशिकांतनी निकाल दिला. गाडीत स्वयंपाक होणार, देवाची तसबीर आहे, तेव्हा आतला संडास वापरायचा नाही. कॅम्पवर सोय असते. अनिमेषने लगेच होकार भरला आणि संडासात घडीच्या खुर्च्या, छत्र्या आणि सगळ्यांचे बूट रचून ठेवले. दाराला दोरी बांधली. जर्मनीतल्या एखाद्या कॅम्परला असली अडगळीची खोली असेल तर ती आमच्याच गाडीला.

हा बंदोबस्त महामार्गावरच्या पहिल्या श्टाऊपर्यंत टिकला. श्टाऊ म्हणजे इथली वाहतूक कोंडी. पुढे कुठे तरी रस्ता दुरुस्ती, मागे पुढे गाड्याच गाड्या, आणि शशिकांतनी सकाळपासून तीन वेळा चहा घेतलेला. बराच वेळ ते खिडकीबाहेर बघत राहिले. मग कोणाकडेही न बघता हळू म्हणाले, "त्या खुर्च्या जरा बाजूला घेता का?"

खुर्च्या बाजूला झाल्या त्या झाल्याच. नंतर प्रत्येकाने आपापली गरज ओळखून खुर्च्या हलवल्या, आणि कोणी हलवल्या ते कोणी कोणाला विचारलं नाही. नॅशनल पार्कच्या काठावर तळ्याशेजारच्या कॅम्पवर आम्ही मुक्काम केला. सकाळी उठलो तेव्हा लाल दिवा लागला होता.

मोठ्या माणसांना एक दिवा न बघण्याची इतकी मेहनत घेताना मी कधी बघितलं नव्हतं. अनिमेष पोह्याचं सामान काढताना त्या भिंतीकडे पाठ करून उभा होता. शशिकांत तसबिरीसमोरची फुलं तीन तीनदा सारखी करत होते. शेवटी दियाच जर्मनमध्ये ओरडली की दिवा लाल झालाय आणि वास येतोय.

शशिकांत म्हणाले, इथे त्या कामाचा कोणी माणूस असेल ना, त्याला काहीतरी देऊ. आणि बापलेक कॅम्पच्या ऑफिसात गेले, दियाही मागे पळाली. काउंटरवर एक तरुण मुलगी सफरचंद खात होती. अनिमेषने चाचरत विचारलं की टाकी रिकामी करायला माणूस मिळेल का. तिने पूर्ण ऐकून घेतलं, घास गिळला आणि म्हणाली, माणूस आहे ना, तुम्हीच. हे मला दियाने येऊन सांगितलं, सफरचंदाच्या घासासकट नक्कल करून. बापलेक परत आले. चहाचे कप हातात घेऊन बसून राहिले.

गाडीसमोर खुर्च्या मांडल्या होत्या. समोर तळं, त्यावर धुकं, झाडं पिवळीधमक. आणि सहा माणसं आपापल्या कपात बघत बसलेली.

मग कुंदामावशीने कप खाली ठेवला. पदर खोचला.

"द्या इकडं. मी ओतून येते. माझा जन्म त्यातच गेला, मला काय नवीन आहे?"

मी दोघा पुरुषांच्या तोंडाकडे बघत होते. लाज वाटायला वेळ लागतो. आधी आली ती सुटका. दोघांचेही खांदे सैल झाले, ते मी या डोळ्यांनी बघितलं. मग शशिकांत, आवाज अगदी मऊ करून, म्हणाले, "विहीणबाईंना सवय आहे म्हणतात, तर मग आपण उगाच…"

मी उभी राहिले होते. माझ्या तोंडात जे आलं होतं ते कुठलाही संपादक छापणार नाही. देवश्रीने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मला परत खुर्चीत दाबलं.

"ताई, तू बस. हे माझं आहे."

ती आत गेली. कॉर्नफ्लेक्सचं खोकं फाडल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा हातात पुठ्ठ्याचा तुकडा, बुटांच्या पिशवीची नाडी आणि दियाचं जाड पेन. गुडघ्यावर पुठ्ठा ठेवून तिने चार नावं लिहिली, एकाखाली एक. बाबा. अनिमेष. ताई. देवश्री. नाडी ओवली आणि गाडीच्या बाहेर, त्या झाकणाच्या कडीला पाटी अडकवली.

"बाबा, आमच्या जिन्यातली पाटी तुम्ही बघितली आहे. तीच ही. ज्याचं नाव, त्याची टाकी. मोठ्यांपासून सुरुवात."

शशिकांत म्हणाले, मी रोज पूजा करतो, देवश्री.

"करा की. आधी टाकी, मग आंघोळ, मग पूजा. क्रम बरोबर लागतो."

"आणि मला नाही जमलं तर?"

देवश्रीने गाडीची किल्ली काढली आणि जॅकेटच्या खिशात टाकून चेन ओढली. "तर आपण सगळे इथेच बसू. तळं छान आहे."

अनिमेष म्हणाला, अगं, बाबांचं वय बघ, मी करतो ना दोघांचं. देवश्री त्याच्याकडे वळली. ती त्याच्यावर कधी आवाज चढवत नाही, कारखान्यात वाकडं दार परत पाठवताना बोलते तशी बोलते. म्हणाली, मघाशी आई उठली तेव्हा तिचं वय कोणाला आठवलं नाही. दोघं एकाच वर्षीचे आहेत.



इथपर्यंत सगळं माझ्या मनासारखं चाललं होतं. आणि तेवढ्यात मावशी उठून पाटीपाशी गेली. ती अक्षर अक्षर लावून वाचते. सगळी नावं वाचून झाली तशी मागे वळली.

"माझं नाव कुठाय?"

"तुझं नाही, आई. तू केलंस तेवढं बास झालं."

"सगळ्यांची नावं हाईत आणि माझं नाही. म्हंजे मी परत वेगळीच की." मावशीने पेन उचलून लेकीच्या हातात दिलं. "लिही. पण शेवटी लिही. जन्मात पहिल्यांदा माझ्या आधी चार जणं जाणारेत. मला बघू दे."

जिला इतकी वर्षं झाडूला हात लावू दिला नव्हता, त्या पोरीने आईचं नाव त्या पुठ्ठ्यावर लिहायला घेतलं तेव्हा अक्षर वाकडं आलं. 'आई'. मावशीने ते बघून मान हलवली, आपली खुर्ची उचलली, कॅम्पच्या वाटेकडे तोंड करून मांडली आणि दियाला सांगितलं, आणखी एक कप चहा आण.

शशिकांत उठले. स्वयंपाकाचे रबरी हातमोजे चढवले, नाकाला मफलर गुंडाळला. टाकी त्यांनी स्वतः ओढून काढली, अनिमेषला हात लावू दिला नाही. एवढा मान त्यांनी स्वतःचा राखला, आणि तो मला आवडला. वाटेवर ते पुढे आणि अनिमेष दोन पावलं मागे, नवरदेवामागे करवला चालावा तसा. ओतायच्या जागी आधीच रांग होती. अंगात आंघोळीचा गाऊन आणि पायात सपाता घातलेला एक दांडगा माणूस, केस नीटनेटके विंचरलेली एक बाई, दोघांच्या हातात आपापल्या टाक्या, आणि गप्पा थंडीच्या. माणसाने वळून 'मॉर्गन' म्हटलं, म्हणजे इथला सकाळचा नमस्कार. शशिकांतनी मफलरातून 'मॉर्गन' म्हटलं. मग त्या माणसाने दोन नळ दाखवले, धुवायचा कुठला आणि पिण्याचा कुठला, आणि पुन्हा थंडीवर बोलू लागला. जणू टाकीत दूध आणलं होतं सगळ्यांनी.

मावशी खुर्चीत बसून चहा पीत हे सगळं बघत होती. हसत नव्हती, डोळे पुसत नव्हती. एखादी बाई आपल्या अंगणात बसून रस्ता बघते तशी बघत होती.

शशिकांत आले, टाकी सरकवली, आंघोळ केली, पूजा केली. त्या दिवशीची पूजा लांबली. मग पोहे खाल्ले आणि पुन्हा मागून घेतले. मी त्यांचं कौतुक करणार नाही. स्वतःचं स्वतः ओतलं त्याला टाळ्या कशाला? पण पाटी त्यांनी न सांगता हाताने सरळ केली आणि आपल्या नावासमोर एक खूण केली, हे मात्र लिहायला हवं.

त्यानंतरचे दिवस आम्ही जंगलात हिंडलो. नॅशनल पार्कमध्ये पडलेलं झाड उचलत नाहीत, गळलेली पानं हलवत नाहीत, सगळं आहे तसं पडू देतात. देवश्रीने हे आईला सांगितलं तेव्हा मावशीने दोनदा विचारून खात्री केली. कोणीच झाडत नाही? मुद्दाम झाडत नाही? मग तिने मधली वाट सोडली आणि पानांतून पाय ओढत, जोराने आवाज करत चालायला लागली. घोट्यापर्यंत पानं. दिया तिच्या मागे. दुपारभर दोघींनी तो एकच उद्योग केला. शरद ऋतूतला पानांचा सडा बघून लोक फोटो काढतात. मावशीला त्या सड्यात काय दिसत होतं ते सांगायला नको.

अनिमेषचा नंबर आला तेव्हा त्याने वाटेवर विनोद करायचा प्रयत्न केला आणि टाकी बुटावर सांडली. बूट दोन दिवस गाडीबाहेर होते. माझा झाला, देवश्रीचा झाला. एका संध्याकाळी शेगडीवर पिठलं रटरटत असताना शशिकांतनी, आल्यापासून पहिल्यांदा, मावशीला तिच्या कामाबद्दल काहीतरी विचारलं. हातमोजे वगैरे देत असतील ना तुम्हाला, म्हणाले.

"द्यायचे की," मावशी म्हणाली. "कागदावर."

शशिकांतनी पिठल्यात चमचा फिरवला. अजून काही विचारावं असं त्यांच्या मनात होतं, पण विचारायची सवय नव्हती.

शेवटच्या मुक्कामी, वालेनबॉर्नजवळच्या कॅम्पवर, पाटीवर 'आई' आली. अनिमेष सकाळीच उठून तयार. आई, राहू द्या, मी जातो, म्हणाला, आणि खरंच मनापासून म्हणाला. देवश्री कॉफी ओतत होती. तिने वरही बघितलं नाही.

"नंबर तिचा आहे."

मावशी सुती साडीवर माझं जॅकेट घालून टाकी ओढत निघाली. रांगेत दोघांच्या मागे उभी राहिली. पुढच्या म्हाताऱ्याने वळून बघितलं तशी 'मॉर्गन' म्हणाली, खणखणीत. म्हाताऱ्याने थंडीबद्दल काहीतरी सांगितलं. मावशीला जर्मन येत नाही, तिने मराठीत उत्तर दिलं, की आमच्याकडं एवढी नसते. दोघांचं छान जमलं. तिला कुठलीही घाई नव्हती. मुकादम नव्हता ना.

मग आम्ही पाणी बघायला गेलो. गावात रस्त्याजवळच दगडांचं एक गोल कुंड आहे, भोवती कठडा, माणसं उभी राहून वाट बघतात. पाणी गरम नसतं. खाली पोटात वायू साठतो, साठत साठत जातो, आणि अर्ध्या तासाने वगैरे पाण्याला वर फेकतो. सडक्या अंड्यासारखा वास येतो. पार्किंगमध्ये आमच्यासारखाच एक कॅम्पर होता, नंबर इंगोलश्टाटचा, आणि समोरच्या काचेत छोटा गणपती. मी देवश्रीला कोपर मारलं.

गणपतीवाले कठड्यापाशीच भेटले. आमचं मराठी ऐकून बाई वळल्या. मालविका, मूळच्या ठाण्याच्या, नवरा इंगोलश्टाटला इंजिनिअर, तो मुलाला खांद्यावर घेऊन पलीकडे उभा. मग नेहमीचं सुरू झालं. तुम्ही कुठल्या, कुठल्या कंपनीत, किती वर्षं, डाळ कुठे मिळते. मग बाईंचा मोर्चा मावशीकडे वळला. काकू, पहिल्यांदाच आलात का, आवडलं का, तुम्ही नोकरी करायचा का?

शशिकांत शेजारीच होते. त्यांच्या तोंडून सवयीने निघालं, "या महापालिकेत होत्या, आरो…"

आणि ते थांबले. कोणी थांबवलं नाही. स्वतःच थांबले, आणि बाजूला सरकले, दारातून कोणाला आधी जाऊ द्यावं तसे.

मावशीने त्यांच्याकडे एकदा बघितलं. मग मालविकाकडे.

"झाडूखात्यात होते. रस्ते झाडायचे, गटारी काढायचे. पूर्ण नोकरी केली, पेन्शन हाय."

मालविका "अच्छा" म्हणाल्या. आता हे 'अच्छा' मला पाठ आहे. त्यानंतर माणूस नजर ठेवायला जागा शोधतो, मग 'किती कष्टाचं ना' म्हणतो, मग विषय बदलतो. देवश्रीचा हात कठड्यावर आवळला गेला होता. तिला हवं असलेलं अर्धं झालं होतं, आईने सांगितलं होतं. आणि समोरची मान खाली जायला सुरुवात झाली होती.

"आमच्या गाडीत ती संडासाची टाकी असते ना," शशिकांत बोलायला लागले. बँकेत कोणाची रजा कधी ते वाचून दाखवावं तसा सूर. "ती आज सकाळी विहीणबाईंनी ओतली. काल सूनबाईंनी. उद्या गाडी परत करायच्या आधी माझा नंबर आहे."

मालविकांची मान जिथे होती तिथेच थांबली. मग हळूहळू वर आली. त्यांनी आधी नवऱ्याकडे बघितलं, तो ऐकत नाहीये याची खात्री केली, आणि मावशीच्या अगदी जवळ येऊन म्हणाल्या, "काकू, आमच्याकडे ती अजून कोणी काढलेलीच नाही."

"लाल दिवा लागला का?"

"परवाच."

मावशी हसायला लागली. आधी पदराआड, मग पदर सुटला. मालविका हसायला लागल्या, त्यांना थांबता येईना. दोघी कठड्याला धरून हसताहेत आणि मागे कुंडात गुडगुड सुरू झालेली. पाणी फुगलं, पांढरं झालं, एकदम माणसापेक्षा उंच उसळलं. वास आला तरी कोणीही नाक दाबलं नाही. लोकांनी फोन वर धरले, पोरं ओरडली, दिया पहिल्यांदाच मराठीत ओरडली, "आजी, बघ!"

देवश्री पाण्याकडे बघतच नव्हती. आईकडे बघत होती.

पाणी खाली बसेपर्यंत शशिकांत मालविकांच्या नवऱ्यापाशी पोहोचले होते. त्याला बाजूला घेऊन, चष्मा सारखा करत, ते विचारत होते, "तुमच्या गाडीत एखादा पुठ्ठा आहे का?"